चांदी तोलता येते, अर्थ नाही

तुर्कमेन बायकांचे जुने दागिने हल्ली ‘एथनिक ज्वेलरी’ म्हणून विकले जातात. मला हे खटकतं. मध्य आशियातल्या तेक्के, योमुत टोळ्यांत दागिना म्हणजे बाईची ओळख. तिचं वय, टोळी, लग्न झालंय की नाही, सगळं त्यावरून कळायचं. पाठीवर वेणीला लटकणारा बदामी आकाराचा ‘आसिक’, ताईतासारखा ‘तुमार’. चांदीवर सोन्याचा मुलामा, त्यात लाल अकीक. तो वाईटापासून राखतो, ही श्रद्धा.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हे दागिने प्रदर्शनात मांडले. चांगलंच झालं. पण काचेआड वस्तू टिकते, घालणारीची गोष्ट नाही. ती तिथल्या आज्यांकडून आत्ताच लिहून घ्यायला हवी. नाहीतर उरेल नुसती चांदी, आणि तिचा भाव कुठलाही सराफ सांगेल. पटतंय का?