बोलायचे आहे की वाचायचे?

परकी भाषा शिकणाऱ्या तरुणाला ‘कुठवर शिकायचं आहे?’ असे विचारले, तर उत्तर पातळीच्या नावाने येते. ‘बी1 करायचंय’, ‘एन4 काढायचंय’. त्या पातळीवर पोहोचून नेमके काय करायचे आहे, असे पुढे विचारले की तो अडखळतो. दोष त्याचा नाही. क्लासची जाहिरात पातळीची असते, घरचे पातळी विचारतात, नोकरी देणाराही प्रमाणपत्रावरची पातळीच पाहतो. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन शिकण्याची चर्चा पुण्या-मुंबईबाहेरच्या घरांतही होऊ लागली. अशा वेळी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. परकी भाषा बोलणे आणि परकी भाषा वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची ध्येये वेगळी ठरवावी लागतात आणि त्यांना दिलेला वेळही वेगळा मोजावा लागतो.

वाचताना शब्द लेखकाने निवडलेले असतात. त्याने दुर्मीळ शब्द वापरला, तर तो आपल्याला ओळखता आलाच पाहिजे. मात्र थांबायला, मागे जायला, कोश उघडायला मुभा असते. बोलताना शब्द आपण निवडतो. एखादा आठवला नाही तर वळसा घालून दुसऱ्या शब्दांत सांगता येते, पण वेळ हाताशी नसतो. दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा जातो, असे त्यात आढळले. म्हणजे वाचणाऱ्याला पुष्कळ शब्दांची ओळख लागते, तर बोलणाऱ्याला थोडेच शब्द लागतात, पण ते जिभेवर तयार असावे लागतात.

जर्मनमध्ये हा फरक जेवणाच्या टेबलावरच दिसतो. तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. वाचणाऱ्याला ही लिंगे पाठ नसली तरी वाक्य कळते, कारण उपपद समोर छापलेले असते. बोलणाऱ्याला मात्र सुरी मागताना तोंड उघडण्यापूर्वी लिंग ठरवावे लागते आणि वाक्यातल्या विभक्तीप्रमाणे उपपद बदलावे लागते. मराठी माणसाला तीन लिंगे नवी नाहीत, पण आपली सुरी स्त्रीलिंगी असते आणि घाईत जिभेवर आधी तीच येते. शंभर पाने वाचून ही अडचण सुटत नाही. तेच वाक्य वेगवेगळ्या वस्तू घेऊन मोठ्याने म्हणावे लागते.

आता जर्मनीला जाणाऱ्या परिचारिकेचे काम पाहू. पाळी संपताना तिला पुढच्या पाळीच्या सहकाऱ्यांना प्रत्येक रुग्णाची हकिगत सांगायची असते. रात्री ताप किती चढला, जेवण किती गेले, वेदना कुठे होत्या, डॉक्टरांनी कोणते औषध बदलले. हे सारे भूतकाळात, सलग, काही मिनिटांत आणि मध्येच येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देत. त्याआधी तिला हाताने लिहिलेली नोंद वाचायची असते. शिवाय बाडेन-वुर्टेम्बर्गमधले वृद्ध रुग्ण तिच्याशी पुस्तकी जर्मन न बोलता श्वेबिश बोलीत बोलण्याची शक्यता मोठी. म्हणजे तिचे ऐकण्याचे ध्येय पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीपाशी संपत नाही. परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला तिथे साधारणपणे बी2 लागते, पण ‘बी2’ या दोन अक्षरांत यातले काहीच दिसत नाही. तिचे ध्येय ‘पाच रुग्णांची हकिगत कागदाकडे न पाहता सांगता येणे’ असे लिहिले, तर कशाचा सराव करायचा हे तिलाही कळते आणि शिकवणाऱ्यालाही.

जपानीत गोंधळ उलट्या बाजूने होतो. एन5 ते एन1 या पातळ्यांची परीक्षा पर्यायी उत्तरांची आहे. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणे तपासले जाते, बोलण्याचा भागच नाही. जपानने 2019 मध्ये सुरू केलेल्या विशिष्ट कौशल्यधारकांच्या व्हिसासाठी एन4 किंवा संगणकावरची दुसरी एक परीक्षा चालते. तीही उमेदवाराला बोलायला लावत नाही. नेहमीच्या वापराच्या कांजी या लिपिचिन्हांची अधिकृत यादी 2,136 चिन्हांची आहे, आणि मुले वर्षानुवर्षे त्यांच्यात बुडालेली असतात. मग प्रमाणपत्र हातात घेऊन मुलाखतीला बसलेला उमेदवार साध्या प्रश्नावर गप्प होतो आणि सगळे त्यालाच बोल लावतात. परीक्षेने त्याच्याकडून बोलणे मागितलेच नव्हते. जो कारखान्यात किंवा वृद्धाश्रमात काम करायला निघाला आहे, त्याने बोलण्याचे ध्येय परीक्षेबाहेर, स्वतःचे म्हणून ठरवायला हवे.

याचा अर्थ बोलणे वरचे आणि वाचणे खालचे, असा मुळीच नाही. ‘नुसती वाचता येते, बोलता येत नाही’ हे वाक्य आपल्याकडे कबुलीजबाबासारखे उच्चारले जाते, ते बंद व्हायला हवे. शिवकालाच्या अभ्यासकाला फारसी लागते ती ‘आलमगीरनामा’ आणि मोगल दरबारची अखबारे वाचण्यासाठी. आजच्या तेहरानमधले बोलणे त्याला आले नाही, तरी त्याच्या कामात उणे काही राहत नाही. उलट त्याच्या वाचनाच्या ध्येयालाच आणखी पायऱ्या आहेत. छापील ग्रंथ वाचणे ही एक, आणि शिकस्ता लिपीतले घाईत लिहिलेले पत्र लावणे ही दुसरी, कितीतरी अवघड. मराठे-पोर्तुगीज संबंधांसाठी गोव्याच्या पुराभिलेखागारातले दफ्तर चाळणाऱ्याचेही तसेच. पुण्यात ज्याच्या नावाच्या संस्थेत मुले जर्मन बोलायला शिकतात, तो माक्स म्युलर ऑक्सफर्डमध्ये राहून 1849 ते 1874 या काळात सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड प्रसिद्ध करत होता. भारतात तो कधीही आला नाही. त्याचे काम पोथ्यांवर होते, आणि ते त्याने पार पाडले.

कोणत्या कौशल्याला मान द्यायचा, हे काळाच्या गरजेवरही ठरत आले आहे. अमेरिकेत 1929 मध्ये कोलमन अहवालाने सांगितले की बहुतेक विद्यार्थी परकी भाषा जेमतेम दोन वर्षे शिकतात, तेव्हा त्यांच्यापुढे वाचनाचेच ध्येय ठेवणे व्यवहार्य आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला बोलणारी माणसे हवी झाली, आणि 1943 च्या सुमारास त्याच देशात बोलण्यावर भर देणारे सघन वर्ग उभे राहिले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे होते, कारण दोन्हींच्या मागे ‘कशासाठी?’ याचे उत्तर होते. आपल्या शाळांतल्या इंग्रजीने ते उत्तर कधी दिलेच नाही. दहा-बारा वर्षे धडे वाचवले, प्रश्नोत्तरे लिहून घेतली आणि शेवटी मुलाखतीत बोलायला सांगितले.

मग ध्येय कसे मांडावे? वाचनासाठी मजकूर ठरवावा आणि न कळणारे शब्द मोजावेत. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाचा इंग्रजीबाबतचा हिशेब उपयोगी आहे. शंभरातले 98 शब्द ओळखीचे असतील तर मदतीशिवाय वाचता येते. कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी वाचणाऱ्याला आठ-नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुळ) लागतात, आणि बोललेले समजून घ्यायला सहा-सात हजार. तीनशे शब्दांच्या पानावर पंधरा शब्द अडले, तर ते पुस्तक आज आपले नाही. सहा अडले तर खुशाल पुढे जावे. सोपी पुस्तके भरपूर वाचणे हाच वाचनाचा रस्ता आहे. त्याला लाजू नये.

बोलण्यासाठी प्रसंग, ऐकणारा आणि वेळ ठरवावा. एकच हकिगत तीन वेगळ्या माणसांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन, हा वर्गांत चालणारा जुना सराव फार गुणकारी आहे. मजकूर तोच असल्याने डोके शब्द शोधण्यात अडकत नाही आणि बोलण्याला ओघ येतो. अडचण एवढीच की याला समोर माणूस लागतो. वाचन एकट्याने, रात्री अकरा वाजता, लोकलमध्ये उभ्यानेही होते. बोलायला जोडीदार गाठावा लागतो. म्हणून बोलण्याचे ध्येय ठेवणाऱ्याने पुस्तक निवडण्याआधी जोडीदार शोधावा.

ज्या युरोपीय चौकटीतून ए1 ते सी2 या पातळ्या आल्या, तिच्या 2001 च्या स्वमूल्यमापन तक्त्यात ऐकणे, वाचणे, संवाद साधणे, सलग बोलणे आणि लिहिणे यांचे पाच वेगळे रकाने आहेत. एखाद्याचे वाचन बी2 आणि संवाद ए2 असणे त्या चौकटीला पूर्ण मान्य आहे. गोएथे संस्थेच्या जर्मनच्या बी1 परीक्षेतही वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे हे भाग सुटे देता येतात. एकच अक्षर आणि एकच आकडा सांगण्याची सवय आपण लावून घेतली आहे. राज्याच्या करारातून जर्मनीला जाऊ पाहणाऱ्यांच्या वर्गांत प्रवेशाच्या दिवशीच हे पाच रकाने प्रत्येकाकडून भरून घ्यावेत. समोर त्याला करायचे असलेले काम मराठीत लिहावे, आणि दर तीन महिन्यांनी तोच कागद त्याच्यापुढे ठेवून रकाने पुन्हा भरायला सांगावेत.