धुक्यातला किल्ला आणि मुखपृष्ठाचा वाद

आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ आम्ही नाकारले, ही वार्ता आता शेजारच्या धर्मग्रामांतही पोहोचली आहे. फादरांना कलेतले काही कळत नाही, असे म्हणणारे आहेत. फादरांना परदेशात गेलेल्या मुलांचे कौतुक नाही, असे म्हणणारेही आहेत. पहिला आरोप आम्ही निम्मा मान्य करतो, दुसरा मुळीच नाही. परंतु चित्र का नाकारले, हे मिस्सेनंतरच्या सूचनांत दोन वाक्यांत सांगण्याजोगे नसल्यामुळे या पृष्ठांचा आश्रय घेत आहोत.

हकीकत अशी. स्मरणिकेचा विषय होता ‘सुवार्ताप्रसारकांची वाट’. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण इंग्लंडच्या ईशान्येस रुग्णसेवेचे काम करतो. त्याने बॅम्बरोच्या किल्ल्याचे एक छायाचित्र पाठविले. खाली समुद्राची ओली वाळू, मध्ये पांढऱ्या धुक्याचा पट्टा आणि त्या धुक्यावर तरंगल्यासारखे दिसणारे तट व बुरूज. चित्र देखणे आहे, यात शंका नाही. समितीने त्याखाली ओळ घातली: ‘संत ऑस्वाल्ड राजाचा सातव्या शतकातील किल्ला’. आमचे भांडण त्या ओळीपासून सुरू झाले. पुढे विचार करता करता ते चित्रापर्यंत जाऊन पोहोचले.

काही वर्षांपूर्वी त्या भागातील एका वृद्ध धर्मगुरूंच्या रजेच्या काळात आम्ही तेथे पाच आठवडे सेवेसाठी होतो. एका दुपारी बॅम्बरोच्या किनाऱ्यावर उभे असताना धुके आले. तिकडचे लोक त्याला ‘फ्रेट’ म्हणतात, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्यालाच ‘हार’ म्हणतात. वसंतात आणि उन्हाळ्यात उबदार, दमट हवा उत्तर समुद्राच्या थंड पाण्यावरून वाहू लागली की ती खालून गारठते, तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि पूर्वेचा वारा ते सारे किनाऱ्यावर आणून टाकतो. दोन-तीन मैल आत लख्ख ऊन असते, आणि येथे हातभर अंतरावरचा माणूस पुसट दिसतो. आमच्या आजूबाजूला पाच-सहा छायाचित्रकार तिपाया रोवून उभे होते. धुके आल्याचा त्यांना आनंद झाला होता. खरे सांगायचे तर आम्हालाही झाला. आम्हीसुद्धा तेच चित्र टिपले. ते आजही आमच्या पेटीत आहे. तेव्हा दगड मारणारा हा हात स्वच्छ नाही, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावे.

आता त्या दगडमातीकडे येऊ. बॅम्बरोचा किल्ला ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद, तप्त शिलारसापासून झालेला. तो कातळ मात्र खरोखर प्राचीन. त्यावर इ. स. ५४७ मध्ये आयडा राजाने आपले ठाणे केले असे जुने वृत्तांत सांगतात. ऑस्वाल्ड तेथला राजा झाला तो सातव्या शतकात. वनवासाच्या काळात आयोना बेटावरील मठवासीयांकडून त्याला ख्रिस्ताची ओळख झाली होती. त्याने ६३५ मध्ये तेथून संत एडन यांना बोलावून घेतले. एडन यांना लोकांची भाषा येईना, तेव्हा राजा स्वतः शेजारी उभा राहून त्यांच्या प्रवचनाचे भाषांतर करीत असे. संत बीड यांनी आपला इतिहासग्रंथ ७३१ मध्ये पूर्ण केला. त्यात हे सारे आहे. पुनरुत्थानाच्या सणाला राजा चांदीच्या थाळीसमोर बसला असता दारी भुकेले लोक आल्याचे कळले, तेव्हा त्याने अन्न तर दिलेच, पण थाळीही फोडून तिचे तुकडे वाटून टाकले, ही कथा आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आजही सांगण्यासारखी आहे.

त्या काळचा किल्ला कसा होता? पेंडा या शत्रुराजाने तो जिंकता येईना म्हणून आसपासची खेडी मोडली, वासे, तुळया, कुडाच्या भिंती व छपरांचे गवत आणून तटाशी रचले आणि वारा अनुकूल होताच आग लावली. एडन तेव्हा समोरच्या फार्न बेटावर, सुमारे दोन मैलांवर होते. तटावर चढणारा धूर पाहून त्यांनी डोळे वर केले व प्रार्थना केली, आणि वारा फिरला, असे बीड लिहितात. ज्या ठाण्याला जाळून घेण्याचा बेत कोणी करतो, ते बहुतांशी लाकडाचेच असणार. मग चित्रातले हे भरभक्कम पाषाणी तट कोठून आले?

मधला भव्य बुरूज, म्हणजे बालेकिल्ला, तेवढा बाराव्या शतकातला. पुढे १४६४ मध्ये यादवी युद्धात वॉरिकच्या अर्लने तोफा लावून किल्ला पाडला. तोफांच्या माऱ्याने पडलेला इंग्लंडातील पहिला किल्ला अशी त्याची ख्याती आहे. त्यानंतर तो ढासळतच गेला. अठराव्या शतकात बालेकिल्ल्याची दुरुस्ती झाली. १८९४ मध्ये विल्यम आर्मस्ट्राँग या धनाढ्य उद्योगपतीने तो विकत घेऊन मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधायला काढला. तो १९०० साली निवर्तला. काम त्याच्या वारसाने पुरे केले. हा आर्मस्ट्राँग कोण? न्यूकॅसलचा तोफांचा कारखानदार. तोफांनी पाडलेला किल्ला तोफांच्या पैशाने उभा राहिला. त्याच्या राजसभागृहाला सागवानी छत आहे. आज चित्रात जे शिखरासारखे, परीकथेसारखे दिसते, त्यातले पुष्कळसे या माणसाचे. मध्ययुग कसे दिसले असते तर आपल्याला आवडले असते, याची ती एकोणिसाव्या शतकातील कल्पना आहे.

यात आर्मस्ट्राँगने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. जुन्या वास्तूंचा असा ‘जीर्णोद्धार’ म्हणजे खोटेपणा, असे रस्किनने १८४९ मध्येच लिहून ठेवले होते आणि त्याच विचाराने विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्थाही काढली होती. आम्ही त्या टोकाला जात नाही. पडलेले घर मालकाने आपल्या आवडीने बांधले. उजेडात जवळ जाऊन पाहणाऱ्याला नवे चिरे, त्यांचे सरळ सांधे, मोठाल्या खिडक्या आणि धुराडी दिसतात. किल्ला आपले वय लपवीत नाही. ते लपविते धुके, आणि छायाचित्रकार त्या धुक्याची वाट पाहत बसतो.

येथे कलावंत मंडळी आम्हाला थांबवितात. धुके देवाने निर्माण केले, ते टिपण्यात पाप कोणते? काहीच नाही. परंतु कॅमेरा हे निर्दोष आरसे असतात ही समजूत आधी टाकावी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक पांढऱ्या धुक्याला करडे समजून चित्र काळवंडून टाकतो. म्हणून छायाचित्रकार मुद्दाम जास्त प्रकाश आत घेतो. पडदा कित्येक सेकंद उघडा ठेवला की लाटांचाही धूर होतो. उभे राहण्याची जागा अशी निवडतात की वाहनतळ व गावातली घरे दिसू नयेत. आता तर नसलेले धुके संगणकावर घालताही येते. प्रत्येक पायरीवर माणूस काही ठेवतो, काही गाळतो. प्रवचनकारही तेच करतो, आम्हाला ते चांगले ठाऊक आहे. मात्र जो गाळतो, त्याने काय गाळले याचा जाब द्यावा. या चित्रात गाळलेली गोष्ट म्हणजे सुमारे साडेबाराशे वर्षे. उरतो एक तरंगता किल्ला. त्याला कोणी ऑस्वाल्डचा म्हणो, कोणी चित्रपटातला म्हणो. १९७१ च्या ‘मॅकबेथ’ चित्रपटाचे चित्रीकरण तेथे झाले होतेच.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा किल्ला डरहॅमचे बिशप लॉर्ड क्रू यांनी मागे ठेवलेल्या धर्मादाय निधीच्या ताब्यात होता आणि कारभार पाहत होते जॉन शार्प नावाचे अँग्लिकन धर्मगुरू. (आपल्या ख्रिस्तसभेचे नसलेल्या माणसाचे चार चांगले शब्द येथे छापल्याबद्दल कोणी रागावू नये.) त्यांनी त्या पडक्या किल्ल्यात गरीब मुलांसाठी शाळा चालविली, दवाखाना चालविला, दुष्काळात स्वस्त धान्य मिळावे म्हणून कोठार ठेवले. वादळी रात्री किनाऱ्यावर घोडेस्वारांची गस्त असे. वाचलेल्या खलाशांना किल्ल्यात निवारा मिळे. आणि दाट धुके आले की मच्छीमार होड्यांना दिशा कळावी म्हणून किल्ल्यावर घंटा वाजवीत.

वाचकहो, ज्यांचे आप्त रोज बोट घेऊन समुद्रात जातात अशी घरे आमच्या धर्मग्रामात आहेत. धुक्यात वा पावसाच्या झडीत बोट वेळेवर आली नाही की त्या घरांत जेवण कसे होते, हे आम्ही पाहिले आहे. त्यांच्यासोबत रोजरीच्या माळा ओढल्या आहेत. तेच धुके, तोच कातळ. एका धर्मगुरूने ते पाहून घंटेची दोरी ओढली. आम्ही ते पाहून कॅमेऱ्याची कळ दाबली. त्या दुपारी समुद्रावर कोणी होते का, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. समितीतील एक कोळी बांधव हे चित्र पाहून एवढेच म्हणाले, “फादर, अशा वेळी आम्ही देवाचा धावा करतो.” त्यांनी चित्राच्या बाजूने मत दिले, हेही प्रामाणिकपणे नोंदवितो.

मग बॅम्बरोत टिपण्यासारखे काय आहे? किल्ल्याकडे पाठ करून गावात गेले की संत एडन यांच्या नावाचे चर्च लागते. आज ते अँग्लिकनांचे आहे. त्याची बरीचशी वास्तू तेराव्या शतकातली. ६५१ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेला एडन येथेच मरण पावले. राजाच्या महालात नव्हे, चर्चच्या भिंतीला लावलेल्या तंबूत, बाहेरच्या आधाराच्या तुळईला टेकून. तीच तुळई म्हणून एक लाकूड त्या चर्चच्या छतात दाखवितात. दाखविणाऱ्यांच्या श्रद्धेपलीकडे आम्ही त्याची हमी घेत नाही. तळघरात लहान लहान पेट्यांत ११० माणसांच्या अस्थी आहेत. किल्ल्याजवळच्या वाळूत उत्खननात सापडलेल्या सातव्या-आठव्या शतकांतील या अस्थी २०१६ मध्ये तेथे पुन्हा ठेवण्यात आल्या. दातांच्या तपासणीवरून त्यांतले कित्येक दूरदेशीहून आलेले होते असे कळले. ही ऑस्वाल्डच्या काळाच्या आसपासची खरी माणसे. त्यांच्यावर धुके नाही; तळघरात पिवळसर दिवा आहे. तेथे तिपाई रोवून बसलेला एकही छायाचित्रकार आम्हाला दिसला नाही.

‘चित्र म्हणजे चित्र, तो इतिहासाचा दाखला नव्हे,’ असे समितीच्या चिटणीसांनी आम्हाला लिहून कळविले आहे. दिवाणखान्यात लावायचे असेल तर खुशाल लावावे, आम्ही स्वतः येऊन खिळा ठोकू. पण स्मरणिका पन्नास वर्षे घराघरांतल्या कपाटांत राहते. आजचे मूल उद्या तीच पाहून ऑस्वाल्डला अशा किल्ल्यात राहणारा परीकथेतला राजा समजेल. थाळी फोडणारा राजा खरा होता. त्याला दंतकथेच्या शेजारी बसविले की तोही दंतकथा होतो. बाहेरचे लोक आपल्या संतांना काल्पनिक म्हणतात तेव्हा आपण रागावतो. निदान आपल्या हाताने त्यांना तसे करू नये.

त्या तरुणाला आम्ही पत्र लिहिले आहे. ड्युटी संपवून, थंडीत चार तास उभे राहून त्याने ते चित्र काढले. त्याच्या कष्टांचा अवमान करण्याचा आमचा हेतू नाही. सुटीच्या दिवशी पुन्हा जाऊन तळघराचे आणि त्या तुळईचे चित्र परवानगीने मिळते का पाहावे, अशी विनंती केली आहे. उत्तर अद्याप नाही. स्मरणिका छापखान्यात जाण्यास अठरा दिवस आहेत. तोवर दुसरे चित्र आले नाही आणि समितीचा हट्ट कायम राहिला, तर आम्ही एका अटीवर मागे हटू: किल्ल्याचे चित्र मुखपृष्ठावर नव्हे तर आतल्या पानावर यावे, आणि त्याखाली ठळक टायपात एवढे छापावे: ‘बॅम्बरो, नॉर्थम्बरलंड. कातळ प्राचीन. बालेकिल्ला बाराव्या शतकातील. बाकीचे बांधकाम मुख्यतः १८९४ नंतरचे. धुके त्या दिवसाचे.’