स्टेंटचा खर्च आणि गोळीचे मोल

हृदयाच्या रोहिणीत अडथळा असल्याचे निदान झाले की मध्यमवर्गीय घरात पहिली चर्चा होते ती पैशांची. भविष्यनिर्वाह निधीतून किती काढता येतील, पतपेढी किती कर्ज देईल, याचे हिशेब सुरू होतात. स्टेंट हाच खरा उपचार आणि औषधे म्हणजे न परवडणाऱ्यांची तडजोड, हा समज त्यामागे असतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

झटका आलेल्या रुग्णाला तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीवदान देते, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो स्थिर विकाराचा. म्हणजे चालताना छाती भरून येते, थांबले की बरे वाटते, अशा रुग्णांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' चाचणीत असे २,२८७ रुग्ण होते. उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीतील ५,१७९ रुग्णांच्या अनुभवाचा निष्कर्षही मुख्यतः तसाच निघाला. छातीदुखीला मात्र स्टेंट वा बायपासने अधिक उतार पडला, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असलेले रुग्ण या चाचणीतून वगळले होते.

असे का व्हावे? स्टेंट एक जागा रुंद करतो. विकार मात्र अनेक रोहिण्यांत पसरलेला असतो. पुष्कळदा लहानशा थरालाच चीर पडते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. स्टॅटिन कोलेस्टेरॉल घटवून हे थर स्थिर करते, ॲस्पिरिन गुठळीला अटकाव करते, रक्तदाबाची औषधे हृदयावरील भार हलका करतात. तंबाखू सोडणे हाही या उपचाराचाच भाग होय.

मग या उपचाराची उपेक्षा का? उत्तर अर्थशास्त्रात आहे. आपल्या आरोग्य विमायोजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेल्या आहेत. औषधाच्या दुकानातील दरमहाचे बिल बहुधा रुग्णाच्याच खिशातून जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, ते योग्यच झाले. परंतु जी गोळी आयुष्यभर घ्यायची, ती अखंड मिळेल याची हमी कोण देणार? बरे वाटताच गोळ्या बंद करणारा रुग्ण निष्काळजी असेलच असे नाही. कित्येकदा महिनाअखेरीस त्याचा खिसा रिकामा असतो.

म्हणून या औषधांचा अखंड पुरवठा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून झाला पाहिजे आणि विम्याने त्यांचा भार उचलला पाहिजे. रुग्णानेही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, 'माझा विकार स्थिर आहे काय? या उपायाने आयुष्य वाढेल, की दुखणे कमी होईल?' आणि उत्तर काहीही असो, डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नये.