कुत्रा कोणाचा?

दिवाळीतल्या दोन-तीन रात्री घरच्या कुत्र्यांसाठी फार वाईट असतात. सुतळी बॉम्बच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा उघड्या दारातून निसटतो आणि वाट फुटेल तिकडे पळतो. गळ्यातला पट्टा कुठेतरी अडकून तुटतो. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा फोटो फिरतो, विजेच्या खांबावर 'हरवला आहे' असा कागद चिकटतो. तोवर कुत्रा चार वस्त्या पलीकडे पोहोचलेला असतो आणि तिथल्या लोकांच्या दृष्टीने तो भटकाच असतो. घाबरलेल्या, उपाशी कुत्र्याला एखादे मूल हात लावायला जाते आणि तो चावतो.

मग सरकारी रुग्णालयात केस पेपर काढल्यावर विचारले जाते : कुत्रा पाळीव की भटका? कोणाचा? उत्तर अनेकदा 'माहीत नाही' असेच मिळते. हरवलेल्या कुत्र्याचा प्रश्न तेव्हा एका घरापुरता राहत नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा होतो.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जखम ताबडतोब साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्याला लस टोचलेली आहे असे कोणी सांगितले, तरी थांबायचे नाही. मात्र कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवता येते. तो ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते आणि पुढच्या डोसांचा डॉक्टर फेरविचार करू शकतात. कुत्रा कोणाचा हेच कळले नाही, तर हा मार्ग बंद होतो.

यावरचा उपाय तांदळाच्या दाण्याएवढा आहे. सुमारे १२ मिलिमीटर लांबीची, काचेच्या आवरणातली मायक्रोचिप पशुवैद्यक सुईने कुत्र्याच्या किंवा मांजराच्या दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. भूल द्यावी लागत नाही. चिपमध्ये बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला पंधरा अंकी क्रमांक सांगते. ती जागेवरून थोडी सरकू शकते, पण गंभीर त्रास फारच विरळ. अनेकांचा समज असतो, तसा कुत्रा आत्ता कुठे आहे हे मात्र ती सांगत नाही. पट्टा तुटतो, बिल्ला पडतो. चिप जन्मभर टिकते.

तिचा उपयोग किती? अमेरिकेतील ५३ प्राणी-निवाऱ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आलेल्या एकूण भरकटलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परतले होते, तर चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांत हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते, चिप असलेल्यांत ते ३८ टक्क्यांवर गेले. चिप असूनही मालक सापडला नाही, त्यामागचे मोठे कारण अगदी साधे होते : नोंदवलेला फोन क्रमांक चुकीचा किंवा बंद.

म्हणजे चिप ही निम्मीच गोष्ट आहे. उरलेली निम्मी नोंदवहीत असते. इंग्लंडने २०१६ मध्ये कुत्र्यांना आणि २०२४ मध्ये मांजरांना चिप सक्तीची केली, तेव्हा नोंद अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही मालकावर टाकली. युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी चिप आणि मगच रेबीजची लस, असा क्रम आहे. लस नेमकी कोणत्या कुत्र्याला टोचली, हे त्याशिवाय सिद्ध होत नाही.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. गोठ्यातल्या गाईच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि लाळ्या-खुरकुताची लस त्या क्रमांकावर नोंदवली जाते. कुत्र्यांची पैदास करून विक्री करणाऱ्यांसाठी केंद्राच्या २०१७ च्या नियमांतही चिपची अट आहे. पण घरात वाढणाऱ्या कुत्र्याची लस अजून एका कागदी पुस्तिकेवर असते आणि कुत्रा पळतो तेव्हा ती पुस्तिका कपाटात राहते.

म्हणून महापालिका व नगरपालिकांनी कुत्र्याचा परवाना, चिप आणि रेबीजची लस एकाच नोंदीत आणावी. चिप माफक दरात मिळावी. श्वानपथकाच्या प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात स्कॅनर असावा. नोंदवही सर्वांसाठी एकच असावी. दहा कंपन्यांच्या दहा याद्या असतील, तर क्रमांक सापडूनही मालक सापडायचा नाही.

पालकांचे कामही सोपे आहे. घर किंवा फोन बदलला की नोंद बदलायची आणि दरवर्षी रेबीजची लस देताना चिप स्कॅन करून पाहायची. दिवाळीची खरेदी सुरू होण्याआधी एवढे केले, तर पळालेला कुत्रा घरी परतण्याची शक्यता वाढेल आणि तो कोणाला चावलाच, तर रुग्णालयातल्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळेल.