झाडाचं बूड न बघता औषध सांगणाऱ्यांनो, थांबा



लिंबू-आंब्याच्या नव्या झाडाची साल गेलेली दिसली की आमच्या नरडाणा पट्ट्यात आता एकच पद्धत झालीय. मोबाईलवर फोटो टाकायचा आणि दहा जणांनी दहा औषधं सांगायची. बुडाशी बसून कोणी बघत नाही. या सवयीला माझा सरळ विरोध आहे. सशाने साल खाल्ली असेल तर बुरशीनाशक मारून ससा थांबतो का?

साल म्हणजे पानात तयार झालेलं अन्न मुळाकडे नेणारी वाट. ती खोडाभोवती गोल तुटली की मुळं उपाशी मरतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून चढत राहतं, म्हणून झाड बरेच दिवस हिरवं दिसतं आणि आपण गाफील राहतो.

आता बघायचं कसं?

👉 जमिनीलगत बारीक दातांच्या खुणा : उंदीर.
👉 थोडं वर साल कुरतडलेली, कोवळी फांदी चाकूने तिरपी कापल्यासारखी, जवळ गोल लेंड्या : ससा.
👉 फक्त नैर्ऋत्येकडून साल वाळून तडकलेली, दात नाही, भुसा नाही : ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, कोवळी साल भाजते.
👉 खोडावर मातीचा थर, त्याखाली साल खाल्लेली : उधई.
👉 बेचक्यात भुसा आणि विष्ठेची जाळी : साल खाणारी अळी.
👉 लिंबाच्या बुडाशी डिंक, साल कुजलेली : डिंक्या.
👉 ओळीतल्या सगळ्या झाडांना एकाच उंचीवर घाव : गवत कापायचं मशीन. याला कोणती बाटली देणार?

उपाय कारणाप्रमाणे. उंदीर-सशासाठी दोन फूट उंच जाळी, खालची कड मातीत दाबलेली, बुडाजवळ गवत नको. उन्हासाठी होळीच्या आधी खोडाला चुना. डिंक्यासाठी दुहेरी आळं, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. कुजलेली साल खरडून बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, भांडं प्लास्टिकचं. अळीच्या छिद्रात तार घाला. उधईला औषध लागतं, ते मी नाकारत नाही. पण गोणपाट घट्ट गुंडाळू नका, त्याखालीच उधई घर करते.

हा विषय लहान नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर असतात. झाड गेलं की हप्ताही अडकतो, औषधाचा खर्च वेगळाच.

कृषीवाल्या मित्रांनो, तुमचं शिक्षण मोठं, मी दहावी पास. तरी सांगतो, फोटोवर चिठ्ठी लिहू नका. जखम कुठे, किती उंचीवर, कोणत्या बाजूला, खुणा कशाच्या, हे चार प्रश्न आधी विचारा. आणि शेतकरी भाऊ, हे न विचारता कोणी बाटली पुढे केली तर त्याला विचारा, कशासाठी?