पुढच्या तारखेचा चेक

शर्टाच्या खिशात मावेल असा संगणक आता मिळतो, आणि तो चालतोही. पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर चार-दोन काळे चौकोन आणि कडेला तारा खोचायची भोके. केंब्रिजमधल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना संगणक आतून कळावा म्हणून तो घडवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला तेव्हा किंमत होती ३५ डॉलर. नाव ठेवले एका फळावरून, रास्पबेरी पाय. (मेळघाटात जन्मला असता तर आपण त्याला टेंभरू म्हटले असते.) सारा संसार नखाएवढ्या एका कार्डावर. इतकी काटकसर करताना निर्मात्यांनी आणखी एक वस्तू वगळली, ती म्हणजे घड्याळ. २०२३ च्या मॉडेलात घड्याळाची सोय आली, पण तिची बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते. त्याआधीच्या संगणकांना वीज गेली की काळाचे भान राहत नाही. शेवटी बंद होताना जी वेळ टिपून ठेवली असेल, तीच वेळ धरून ते पुन्हा जागे होतात. गुहेत झोपलेल्या मुचकुंदासारखी त्यांची गत.

शहरात याने काही अडत नाही. इंटरनेटची जोडणी कायम असते, संगणक जागा झाला की दूरच्या एखाद्या यंत्राला वेळ विचारतो आणि आपले घड्याळ लावून घेतो. पण सेमाडोहला अडते.

परतवाडा सोडले की घाट लागतो, घटांग मागे पडते आणि मग सिपना नदीच्या काठी सेमाडोह येते. कोरकूत सिपना म्हणजे साग. हाच रस्ता पुढे कोलकास, हरिसाल करीत धारणीला जातो. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ दिसला तर भाग्य, नाहीतर रानगव्यावर समाधान मानून पर्यटक परत येतात. याच रस्त्यावरचे हरिसाल २०१६ साली देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. त्याच रस्त्यावर आजही माणसे मोबाइल हातात उंच धरून ‘कांडी’ कुठे येते ते शोधत फिरतात.

मुलांच्या अभ्यासासाठी ठेवलेल्या एका खोलीत असा संगणक मी पाहिला. कुणा देणगीदाराने दिलेला. इंटरनेट नसतानाही वाचता येईल असा मराठी विकिपीडिया त्यात भरून ठेवला होता आणि मुले तो वाचत होती. गुरुजींना त्यात जीकॉम्प्री नावाचा मुलांच्या खेळांचा संच बसवायचा होता. फ्रेंच भाषेतल्या ‘मला समजले’ या वाक्यावरून हे नाव आले आहे. फुकट आहे, चांगला आहे. पण यंत्र तो घेईना.

“कालपासून असंच म्हणते, भाऊ,” गुरुजी म्हणाले.

यंत्र म्हणत होते की सॉफ्टवेअरची जी यादी तुम्ही आणली ती अजून वैध झालेली नाही, वैध व्हायला अकरा दिवस बाकी आहेत. माझा भाचा बरोबर होता. त्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि हसला. “मामा, याची घडीच मांगं आहे.”

आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. पुढच्या तारखेचा चेक आला तर काउंटरवरचा कारकून तो परत करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. इथे चेक आजचाच होता. बँकेच्या भिंतीवरचे कॅलेंडर तेवढे अकरा दिवस जुने होते. वादळात तारा तुटल्या, वीज गेली ती बऱ्याच दिवसांनी आली, आणि यंत्र वीज गेली त्या दिवसावरच थांबले होते. फोनवरून घेतलेले इंटरनेट इतके क्षीण की वेळ विचारणारा निरोपही पोहोचत नव्हता. भाच्याने तारीख हाताने घातली आणि यादी मुकाट्याने उतरू लागली.

आता ही यादी म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले, १९९३ मध्ये इयन मर्डॉकने त्यावर डेबियन हा संच उभा केला, आणि या छोट्या संगणकाचे पोट डेबियनवरच चालते. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर दुकानातून आणायचे नसते. एक मोठे कोठार असते, त्यात हजारो गाठोडी बांधून ठेवलेली असतात आणि कोठाराची एक सही केलेली यादी असते. आधी ताजी यादी आणायची, मग हवे ते गाठोडे. या दोन पायऱ्यांना दोन वेगळे हुकूम आहेत. बरेच जण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर जातात. मग जुन्या यादीतले गाठोडे कोठारात सापडत नाही आणि ‘असे काही इथे नाही’ असे उत्तर येते. संपूर्ण आवृत्तीच जुनी झाली असेल तर तिचे कोठार दुसऱ्या पत्त्यावर, जुन्या दप्तरात हलवलेले असते. बँकांची विलीनीकरणे झाल्यावर जुन्या आयएफएससीवर पैसे पाठवणाऱ्यांना हा अनुभव चांगला ओळखीचा आहे.

सेमाडोहला यादी उतरली, पण संच बसेना. आता यंत्राचे म्हणणे, दुसरे कुणीतरी नोंदवहीत लिहीत आहे. संगणक आपणहून, कुणाला न सांगता, एक छोटे अपडेट करीत बसला होता. अशा वेळी कुलपाची फाइल उडवून टाका, असा सल्ला छातीठोकपणे देणारे पुष्कळ भेटतात. लेजर एका कारकुनाच्या हातात असताना दुसऱ्याने ते हिसकावून घेतले तर त्या दिवशी बॅलन्स जुळेल का? थांबायचे. आम्ही चहा घेतला. परत येतो तोच वीज गेली.

पुन्हा आली तेव्हा काही गाठोडी अर्धवट सुटलेली होती. हा प्रसंग दिसतो भयानक, पण त्यावरचा उपाय डेबियनच्या मंडळींनी कधीच करून ठेवला आहे. राहिलेली मांडणी पुरी कर, असा एक हुकूम आहे. तो दिला की यंत्र आपल्याच नोंदी वाचते आणि जिथे थांबले तिथून पुढे जाते. खरी भीती वेगळी आहे. लिहीत असताना वीज जाऊन कार्डच बिघडले, तर कुठलाही हुकूम कामाचा नाही. म्हणून अपडेटच्या वेळी मागे बॅटरी हवी, आणि चालत्या कार्डाची एक नक्कल कपाटात हवी. कार्डावर जागा किती उरली आहे, हेही आधी पाहावे. उतरवलेली जुनी गाठोडी तिथेच साचलेली असतात, ती एका हुकुमात साफ होतात.

कुणी विचारील, इतका त्रास आहे तर ही तपासणीच बंद का करू नये? तशी सोयही आहे. सही पाहू नकोस, तारीख पाहू नकोस, असे यंत्राला सांगता येते. माझा याला स्वच्छ विरोध आहे. सहीचा नमुना न पाहता पैसे देणाऱ्या कॅशियरला आम्ही घरी पाठवत असू. जुन्या तारखेची यादी खपवून, ज्यातली भोके जगाला ठाऊक झाली आहेत असे जुने सॉफ्टवेअर गळ्यात मारता येते. तारीख पाहायची ती त्यासाठी.

अर्थात सही म्हणजे सर्वस्व नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमाने खोळंबली. ते अपडेट अस्सलच होते, फक्त चुकीचे होते. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या एका लहानशा, पण लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने काही वर्षे इमानाने काम करून आधी विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो एवढेच खटकले, आणि त्या अर्ध्या सेकंदावरून त्याने सारे उकलले. बँकेत संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर पाठवतात. कधीही रजा न घेणारा इमानी माणूस हा तपासणीस सर्वांत आधी पाहतो. अर्ध्या सेकंदाची गोष्ट ऐकून मला त्याचीच आठवण झाली.

जिथे जोडणीच नाही तिथे काय करायचे? ऋतेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने यावर ‘अ‍ॅप्ट-ऑफलाइन’ नावाचे साधन लिहिले आहे. जंगलातला संगणक आपल्याला काय हवे त्याची चिठ्ठी लिहून देतो. ती पेनड्राइव्हवर घेऊन परतवाड्याला जायचे, चांगल्या जोडणीवर चिठ्ठीप्रमाणे गाठोडी उतरवायची आणि परत आणून द्यायची. किराण्याची यादी घेऊन बाजाराला जाण्यासारखेच हे आहे. सहीची तपासणीही सुटत नाही. मेळघाटासाठी याहून योग्य व्यवस्था मला दिसत नाही, आणि दर आठवड्याला अपडेट करण्याचीही गरज नाही. इंटरनेटला क्वचितच जोडल्या जाणाऱ्या यंत्राला वर्षातून दोनदा, सुट्टीत, पुरे.

पण हे कुणी करायचे? यंत्र देण्याचा कार्यक्रम होतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. दोन-तीनशे रुपयांचे घड्याळ, एक जादा कार्ड, एक लहान बॅटरी आणि वर्षातून दोन चकरा मारणारा माणूस, या चार गोष्टी देणाऱ्यांच्या यादीत नसतात. कापडी आच्छादनाखाली झाकून ठेवलेले संगणक मी वऱ्हाडातल्या किती खेड्यांत पाहिले, त्याची गणती नाही. त्यातले निम्मे तरी खरोखर बिघडलेले नसावेत. एखादा संदेश आला, तो वाचता आला नाही आणि यंत्र बंद झाले, एवढेच. या संदेशांपैकी बऱ्याच संदेशांचे मराठी भाषांतर कुणी निरलस माणसांनी केव्हाच करून ठेवले आहे, पण देताना यंत्राची भाषा मराठी करण्याचे कुणाला सुचत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. त्या घरातल्या मुलाला मराठी हीच शाळेत शिकावी लागणारी दुसरी भाषा. तिच्यावरून त्याने तिसऱ्या भाषेतला तांत्रिक इंग्रजी संदेश उलगडावा, अशी आपली अपेक्षा असते.

मेळघाटात कुपोषणाचा प्रश्न असताना संगणकाचे कसले कौतुक, असेही एका मित्राने ऐकवले. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण त्याच कुपोषणाची नोंद २०२१ पासून अंगणवाडी सेविका मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर करतात. बाळाचे वजन त्या अ‍ॅपमध्ये चढवायचे तर फोन चालू हवा आणि अ‍ॅप अद्ययावत हवे. सॉफ्टवेअर त्या झोपडीच्या दारापर्यंत आपण केव्हाच नेऊन ठेवले आहे. ते दुरुस्त ठेवणारी माणसे त्याच गावात तयार होणार आहेत की दर वेळी अमरावतीहून यायची आहेत, एवढाच प्रश्न उरतो. नववी-दहावीतल्या दोन मुली त्या दिवशी भाच्याच्या खांद्यावरून सगळे पाहत होत्या. तारीख घालायचा हुकूम त्यांतल्या एकीने वहीत उतरवून घेतला, आणि गाठोडी अर्धवट सुटली तेव्हा पुढचा हुकूम तिनेच टंकला.

घड्याळाची चकती भाच्याने नंतर नागपूरहून मागवून पाठवली. नाण्याएवढा सेल लागतो, तो धारणीला मिळतो. नक्कल केलेले कार्ड गुरुजींनी खडूच्या डब्यात ठेवले आहे. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत झाला.