आगाऊ कोण आणि पोच कोणास नाही?

अनुचित वर्तनास नावे ठेवण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पण त्यांपैकी दोन शब्द हरघडी एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि त्यातून भाषेपेक्षा माणसांवर अधिक अन्याय होतो. म्हणून त्यांचा निवाडा करणे आम्हांस अगत्याचे वाटते. 'आगाऊ' हा पहिला शब्द; 'पोच नसलेला' हा दुसरा.

आगाऊ म्हणजे वेळेच्या किंवा क्रमाच्या पुढे गेलेला. आगाऊ भाड्यात वा आगाऊ सूचनेत काही दोष नाही. माणसास हा शब्द लावताच मात्र तो दोषारोप होतो. कारण कोणी तरी आखलेली रेषा त्यात गृहीत धरलेली असते, आणि ती कोणी आखली हे शब्द सांगत नाही. म्हणूनच तो बहुधा वरून खाली येतो. सासू सुनेस आगाऊ म्हणते, मालक गड्यास म्हणतो; उलट दिशेने तो क्वचितच जातो.

'पोच' या शब्दाची गोष्ट निराळी. पत्र मिळाल्याची पोच आपण देतो. समोरून आलेले आपणांस पावले, याची ती कबुली होय. दुसऱ्याचे दुःख, मान किंवा प्रसंग ज्याच्या मनास पावतच नाही, त्यास पोच नाही. हा आरोप राजावर करता येतो आणि रंकावरही. न्यायाच्या दृष्टीने हाच शब्द अधिक खरा.

सातारा जिल्ह्यातीलच दाखला घ्या. 1901 साली मसूर स्टेशनावर चार मुले उतरली. त्यांत पुढे घटनेचे शिल्पकार झालेले भीमराव आंबेडकर होते. स्वच्छ पोशाखातील या मुलांची स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. पण ती महार आहेत हे कळताच त्यांची चर्या पालटली आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. गाडीवाले नेण्यास तयार होईनात. अखेर ठरले ते असे : भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालावयाचे. त्या काळच्या रूढीप्रमाणे गाडीत बसू पाहणारी मुले आगाऊ ठरली असती. पण पोच कोणास नव्हती, हे आज सांगावयास हवे काय?

आता सांगलीकडे वळू. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे बुडाली. त्याच सुमारास सांगली-कोल्हापूरच्या पुराची पाहणी करणाऱ्या एका मंत्र्यांचे हसऱ्या मुद्रेचे चित्रण सर्वत्र पसरले आणि लोक संतापले. हसणे हा गुन्हा नव्हे, आणि अशा वर्तनासाठी दंडसंहितेत कलमही नाही. परंतु ज्यांची घरे पाण्याखाली होती, त्यांचा प्रसंग त्या क्षणी त्या मुद्रेपर्यंत पोचला नव्हता. आगाऊ हा शब्द तेथे कोणास सुचलाही नसता, कारण अधिकारी पुरुषास पुढे जाण्याची मुभा रूढीनेच दिलेली आहे.

येथेच या दोन शब्दांतील भेद व्यवहारास उपयोगी पडतो. पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखण्याचा कायदा महाराष्ट्राने 2011 साली केला. तरीही ग्रामसभेत एखादी सदस्या खर्चाचा हिशेब मागू लागली, की 'बाई फार आगाऊ' असे मागच्या बाकावरून ऐकू येते. हिशेब मागणे हा तिचा हक्क आहे; त्याने कोणाचे काळीज दुखावत नाही, फार तर कोणाची अडचण होते. याउलट तिच्या नवऱ्याने तिच्या खुर्चीवर बसून तिच्या वतीने बोलणे, हे पोच नसल्याचे ठळक लक्षण होय. पण त्यास कोणी नाव ठेवीत नाही.

आमचे वाचकांस इतकेच सांगणे आहे. जिभेवर 'आगाऊ' हा शब्द येताच क्षणभर थांबून दोन प्रश्न विचारावे : या वर्तनाने खरोखर कोणास इजा झाली काय, की केवळ आमची पायरी हलली? इजा झाली असेल, तर पोच नाही असे उघड म्हणावे, मग समोर मंत्री असो वा मजूर. पायरीच हलली असेल, तर शब्द गिळावा आणि पायरी कोणी बांधली याची चौकशी करावी. जो समाज पुढे पाऊल टाकणाऱ्यास झिडकारतो आणि दुसऱ्याचे दुःख न जाणणाऱ्यास सत्काराचे नारळ देतो, त्याचा शब्दकोश सुधारला पाहिजे. आणि त्याची सुरुवात आपापल्या घरातील बोलण्यापासूनच करता येईल.